तुम्हीच आहात का

अकरा वर्षं मी काट्याच्या खोलीत
रोज सकाळी एक शब्द टाइप करत आलो
जो कुणालाच माहीत नव्हता, बायकोलाही नाही.
बारदानाचा वास, पंख्याची कुरकुर,
खिडकीबाहेर डाळमिलचा पिवळा धुरळा
आणि पडद्यावर आठ-दहा काळे ठिपके.
तेवढंच माझं खासगी.

दर नव्वद दिवसांनी शब्द बदलावा लागे.
लातूरला रेल्वेनं पाणी आलं त्या वर्षी
रेल्वेचंपाणी१६.
पोरगी झाली तेव्हा तिचं वजन, ग्रॅमसकट.
काटेवाल्याला दुसरं काय सुचणार?
पगार थकला तेव्हा मालकाला एक शिवी,
शेवटी उद्गारचिन्ह. नव्वद दिवस रोज दिली
आणि रोज त्याच शिवीनं त्याचंच कुलूप उघडलं.
एकदा उदगीरच्या एका बाईचं नाव होतं.
ते सांगणार नाही.

मग पुण्याहून तन्मय नावाचा पोरगा आला,
पाठीला बॅग, शिंकून शिंकून बेजार.
म्हणाला, काका, आता लक्षात काहीच ठेवायचं नाही.
संगणक तुमच्या मोबाइलला विचारणार,
मोबाइल तुमच्या अंगठ्याला.
मी म्हणालो, आणि मी घरी असलो तर?
तरी चालतं, म्हणाला. कुठूनही.

पहिल्या दिवशी अंगठा पटेना.
तुरीच्या भुशीनं रेषा बुजलेल्या.
विजारीला पुसला, थुंकी लावून पुसला,
दारात हमाल हसायलेत:
"व्यंकटराव, तुमालाच तुमी वळखू येईनात व्हय?"

घरी आईला सांगितलं.
प्रयागबाई माझी आई. साक्षरतेच्या वर्गात
सही शिकायला तिला दोन हिवाळे लागले.
सोसायटीच्या वहीत पहिल्यांदा नाव काढलं
तेव्हा कारकुनानं सवयीनं पुढं केलेलं शाईचं पॅड
तिनं दोन बोटांनी मागं सरकवलं होतं.
सगळं ऐकून म्हणाली,
"म्हंजे तू शिकून अंगठेबहाद्दर झालास की रं,"
आणि पुन्हा मालिकेकडं वळली.

माघातली रात्र, दोन वाजून दहा मिनिटं.
उशाखाली फोन थरथरला.
तुम्हीच आहात का?
मी कूस बदलली.
तुम्हीच आहात का?
बायको म्हणाली, बंद करा की ते.
तिसऱ्यांदा अंगठा आपला आपणच गेला,
झोपेत डास मारायला हात जातो तसा.

सकाळी पावती समोर आली.
अहमदपूरचा ट्रक, तूर,
आठ क्विंटल कमी.
खाली माझं नाव, वेळ दोन-अकरा.
ड्रायव्हर इस्माईल पावती उजेडात धरून बघत होता.
एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच
तो चहा न घेता गेला, माझ्याशी न बोलता.
मालकांनी विचारलं, अंगठा तुझाच ना?
माझाच. पण मी नव्हतो.
असं उत्तर लिहायला
त्यांच्या फॉर्मात रकाना नव्हता.
रात्री खुर्चीत कोण होतं,
ते अजून कुणी विचारलेलं नाही.

शब्द मागितला असता तर आठवावा लागला असता.
आठवायला माणसाला उठून बसावं लागतं,
डोळे चोळावे लागतात,
कोण मागायलंय, कशाला मागायलंय, हे मनात येतं.
अंगठा बिचारा हाडामांसाचा,
त्याला काय, गरम असला की झालं.

आता रात्री फोन वरच्या फळीवर,
डाळीच्या डब्यामागं ठेवतो.
तरी दोनला जाग येतेच.

सकाळी काट्याच्या खोलीत शिरलो की
अंगठा टेकवण्याआधी
बंद पडद्यासमोर एक शब्द मनात टाइप करतो.
कुणी मागत नाही, तरी.
नव्वद दिवस झाले की बदलतो.

सध्या चालू आहे:
इस्माईलबोल१